ठकी जेवत नाही तेव्हा

घरातलं कुत्रं वाडग्याला नाक लावून मागे फिरलं की घरातल्या माणसांच्याही घशाखाली घास उतरत नाही. ज्यांच्याकडे लॅब्रॅडॉर आहे त्यांना हे सांगून पटायचं नाही. आमची ठकी गावठी आहे, सांगलीत रस्त्यावर सापडलेली, आता उतारवयाला लागलेली, वजनाने चौदा किलोंच्या आसपास. खाण्याच्या बाबतीत तिची मतं ठाम आहेत. तिच्या वाडग्याशेजारी इतकी वर्षं बसून जे हाती लागलं ते लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरी अशीच कुणी ठकी असेल त्यांना आपापलं त्यात सापडेल.

१. ‘ठकी जेवत नाही’ या एका वाक्यात निदान चार वेगळी वाक्यं दडलेली असतात, हे मला सावकाश उमगलं. भूक नाही. भूक आहे, पण हे नको. भूक आहे, पण दुखतंय. भूक आहे, पण भीती वाटतेय. चारही वेळा समोर दिसतं ते एकच: भरलेला वाडगा आणि बाजूला बसलेलं कुत्रं. म्हणून नवी पिशवी आणायला दुकानात जाण्याआधी यातलं कुठलं वाक्य आहे ते शोधायचं असतं.

माझी कसोटी उकडलेल्या अंड्याची. दाणे सोडले आणि अंडं मटकावलं, तर प्रश्न आवडीचा. अंड्याकडेही पाहिलं नाही, तर प्रश्न तब्येतीचा. एका पावसाळ्यात ठकीने अंड्यावरून मान फिरवली. तिचा वरचा ओठ बोटाने उचलून पाहिला, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या फिकुटलेल्या. कानाच्या घडीत बोट घातलं, तर आत रक्त पिऊन टम्म झालेली करडी गोचीड. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स खाली आलेल्या, गोचिडताप निघाला. आपल्या हवेत गोचिडी वर्षभर असतात, पावसाळ्यात जास्तच, आणि एर्लिकिया किंवा बबेसियासारख्या आजारांत कितीतरी वेळा पहिलं लक्षण दिसतं ते एवढंच, की कुत्रं जेवत नाही.

दात दुखत असेल तर कुत्रं वाडग्याजवळ येतं, दाणा उचलतं आणि पाडतं, किंवा एकाच बाजूने चावतं. भीती असेल तर वाडगा दुसऱ्या खोलीत नेला की खातं. ठकी वॉशिंग मशीन चालू असताना मागच्या पडवीत कधीच जेवत नाही. वाडगा तिथून हलवणं हाच त्यावरचा उपाय होता.

मोठं कुत्रं पाणी पितंय, शेपूट हलतंय आणि एक वेळ जेवलं नाही, तर मी थांबते. पुरा एक दिवस पोटात काही गेलं नाही, किंवा सोबत उलटी, जुलाब, सुस्ती दिसली, तर थांबत नाही, डॉक्टर गाठते. पिल्लांच्या बाबतीत तर वाटच पाहू नये. त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, आणि लसी पुऱ्या झाल्या नसतील तर पार्व्होची धास्ती असते.

२. जे कुत्रं वाडग्यातलं खात नाही, ते बहुतेक वेळा दुसरीकडे खात असतं. आम्ही फ्रीजला दोऱ्याने एक वही बांधली आणि ठकीला ज्याने जे दिलं ते त्याने लिहायचं असं ठरवलं. संध्याकाळी वही वाचून घर गप्प झालं. चहाच्या वेळेचं बिस्किट, पोळीची कड, पूजेनंतरचा पेढ्याचा तुकडा, शाळेतून आल्यावर डब्यात उरलेला पराठा, शेजारच्या काकूंनी कुंपणावरून दिलेला पाव. प्रत्येकाने दिलेलं होतं इवलंसंच.

चौदा किलोंच्या, नसबंदी झालेल्या, बेताने हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० कॅलरी पुरतात. पशुवैद्यक सांगतात की वरखाणं त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत असावं, म्हणजे ८०. छोट्या ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात आणि मध्यम पोळीत शंभरच्या आसपास. वहीतली बेरीज केली तर ठकीचं जवळजवळ अर्धं जेवण वाडग्याबाहेर होत होतं. तिची भूक जागेवरच होती, फक्त ती आधीच भागलेली होती. वही आजही फ्रीजला आहे, आणि तिच्यात सर्वांत प्रामाणिक नोंदी माझ्या सासूबाईंच्या असतात.

३. कुत्रं नाकाने जेवतं. माणसाच्या जिभेवर चव कळणाऱ्या कळ्या साधारण नऊ हजार, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. पण वासाच्या बाबतीत ते आपल्या कितीतरी पुढे असतं, म्हणून खायचं की नाही याचा निकाल वाडग्यात तोंड घालण्यापूर्वीच लागलेला असतो. फ्रीजमधून काढलेल्या गार खाण्याला वासच नसतो. तेच खाणं कोमट केलं, कुत्र्याच्या अंगाइतकं, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास, की पडवीतून ठकी उठून येते. दाण्यांवर दोन चमचे कोमट पाणी घातलं तरी फरक पडतो. मनगटावर थेंब टाकून बघायचा, बाळाच्या दुधाचा बघतो तसा. मायक्रोवेव्ह केलं असेल तर ढवळून घ्यायचं, मधला भाग भाजणारा राहतो. चव बदलायला म्हणून महागडं काही आणण्याआधी हे करून पाहावं, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला कळकळीने सांगते.

४. बरगड्या लागणं म्हणजे उपासमार नव्हे. गावठी कुत्रं बांध्याने सडपातळच असतं आणि येणारा-जाणारा विचारतो, ‘काय हो, खायला घालत नाही का हिला?’ हे ऐकून माणूस खचतो, आणि त्या खचण्यातून चमच्याने भरवणं, तुपाची धार, मटणाचा रस्सा हे सगळं सुरू होतं.

डॉक्टरांनी मला हाताने पाहायला शिकवलं. आपला पंजा पालथा धरून बोटांच्या मुळांपाशी हात फिरवला तर हाडं लागतात, पण वर थोडी कातडी असते. कुत्र्याच्या बरगड्या तशाच लागायला हव्यात. वरून पाहिलं तर कंबर दिसावी, बाजूने पाहिलं तर पोट मागे वर गेलेलं दिसावं. १ ते ९ च्या मापात ४ किंवा ५ म्हणजे उत्तम. ठकी चारवर आहे, वर्षानुवर्षं.

लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, आणि ती जन्मभर पाहिली. कमी खाणारी कुत्री सरासरी १३ वर्षं जगली, दुसरी ११.२ वर्षं. हे वाचल्यापासून ‘खायला घालत नाही का’ या प्रश्नाचं मला काही वाटेनासं झालं. वजन घटत असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट. म्हणून महिन्यातून एकदा मी तिला उचलून काट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते.

५. पिशवीतलं की घरचं, हा वाद आमच्या घरात सासूबाईंनी सुरू केला आणि त्यातून मीच जास्त शिकले. आई म्हणाल्या, “आमच्या मोत्याला कुणी पिशवीतलं घातलं होतं गं? भाकरी-ताकावर वाढला तो.”

त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे, हे कळलं तेव्हा मी चकित झाले. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना मांडली. पिष्ट पचवणारा जो पाचकरस स्वादुपिंडातून येतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या दारात, माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं राहून कुत्र्याने भात-भाकरी पचवण्याची ताकद कमावली आहे. उलट दुकानातलं खाणं अगदी अलीकडचं. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, आणि आज आपण ज्यांना दाणे म्हणतो ते फुगवलेले कोरडे दाणे १९५७ मध्ये बाजारात आले. हे आईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मोत्याच्या आठवणीने डोळ्यांना पदर लावला.

पण भाकरी पचते म्हणजे भाकरी पुरते असं नाही. चिकन-भात हे आपल्याकडचं कुत्र्याचं लाडकं जेवण. त्यात बिनहाडाचं मांस असेल तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं लागतं, फार तर दुप्पट. हे प्रमाण बिघडलेलं राहिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. वाढत्या पिल्लांचे पाय त्यामुळे वाकतात. जस्त, तांबं, ड जीवनसत्त्व यांचंही तसंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतून आणि इतर ठिकाणांहून घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या होत्या, त्यातल्या ९५ टक्के कृतींत एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. उकडलेली हाडं देऊन ही उणीव भरून काढायची नाही. शिजलेलं हाड सुळ्यासारखं फुटतं आणि आतडं फाडू शकतं.

आमचं घर शाकाहारी. ठकीचं चिकन परसातल्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजतं. संध्याकाळच्या या जेवणाचं माप डॉक्टरांनी ग्रॅममध्ये लिहून दिलं आहे, त्यात टाकायच्या कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या भुकटीसकट. सकाळी दाणे. शाकाहारी घरांनी कुत्र्यालाही शाकाहारीच ठेवायचं ठरवलं तर तेही होतं, पण ते अंदाजाने जमत नाही, आहार नीट आखून घ्यावा लागतो.

६. पिशवीचं चित्र पाहू नये, पाठ पाहावी. पुढच्या बाजूला रसरशीत मांसाचा तुकडा आणि हिरवी पानं असतात. मागे बारीक अक्षरात जे असतं ते महत्त्वाचं. मी तीन गोष्टी शोधते. हे संपूर्ण आणि संतुलित अन्न आहे, की नुसतं पूरक? पुष्कळशी छोटी, चविष्ट पाकिटं पूरक असतात आणि नखरेल कुत्री नेमकी त्यांच्यावरच जगू लागतात. दुसरं, कुठल्या वयासाठी? मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियमही बाधतं, म्हणून त्यांचं खाणं वेगळं असतं. तिसरं, १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती?

प्रथिनांचा आकडा वाचताना ओलावा वजा करावा लागतो, हे कुणी सांगत नाही. ओल्या पाकिटावर प्रथिनं ८ टक्के आणि पाणी ७८ टक्के लिहिलेलं असलं की आपण नाक मुरडतो. पण कोरडा भाग उरला २२, त्यात ८ म्हणजे ३६ टक्के झाली. २४ टक्के प्रथिनं आणि १० टक्के ओलावा असलेले दाणे याच हिशेबाने २७ टक्क्यांच्या आत येतात. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मापानुसार मोठ्या कुत्र्याला कोरड्या भागात निदान १८ टक्के प्रथिनं हवीत, पिल्लांना २२.५.

‘धान्यविरहित’ हा शब्द पाहून हुरळून जाऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा, मटार-मसूर भरपूर असलेल्या खाण्याचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण ज्या प्राण्याने भाकरी पचवण्यासाठी जनुकं वाढवली त्याला धान्यापासून वाचवायचं कशासाठी, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे. खाज, कानदुखी यांमुळे खाण्याची ॲलर्जी आहे अशी शंका असेल तरीही धान्यावर लगेच आरोप नको. कुत्र्यांत गोमांस, दूध, चिकन आणि गहू ही जास्त आढळणारी कारणं आहेत, आणि खात्री करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान आठ आठवडे एकच निवडक आहार द्यावा लागतो.

७. जीभ एका क्षणात मानते, पोटाला आठवडा लागतो. खाणं बदलताना सगळी मेख इथे आहे. आतड्यातले जिवाणू जुन्या खाण्याला सरावलेले असतात, पाचकरसांचं प्रमाणही त्यानुसार बेतलेलं असतं. एका रात्रीत सगळं बदललं की जुलाब ठरलेले, आणि मग चांगल्या खाण्यावर ‘मानवत नाही’ असा शिक्का बसतो.

सर्वमान्य रीत सात ते दहा दिवसांची. पहिले दोन-तीन दिवस नवं पाव, जुनं पाऊण. पुढचे दोन-तीन दिवस निम्मं-निम्मं. मग नवं पाऊण, जुनं पाव. मग सगळं नवं. पोट नाजूक असेल तर याचे दोन-तीन आठवडे करावेत. शी सैल झाली तर घाबरून सोडून द्यायचं नाही, आधीच्या प्रमाणावर परत यायचं, दोन-तीन दिवस तिथेच थांबायचं आणि मग पुढे सरकायचं. जुनी पिशवी अर्धी असतानाच नवी आणावी लागते, नाहीतर मिसळायला जुनं उरतच नाही. नवी पिशवी सर्वांत लहान आणावी.

हे झालं शहाण्या कुत्र्यांचं. ठकीच्या वाडग्यात जुने दाणे गोल होते, नवे तिकोनी. तिने एकेक तिकोनी दाणा पुढच्या दातांत अलगद धरला, वाडग्याच्या बाहेर फरशीवर ठेवला, गोल दाणे चाटूनपुसून खाल्ले आणि ती निघून गेली. वाडग्याभोवती तिकोनी दाण्यांचं कडं. तिच्या या कामातली सफाई मी भान हरपून बघत राहिले होते.

अशा कुत्र्यांसाठी मिसळण्याआधी एक पायरी लागते. नवा दाणा आधी वाडग्यात टाकायचाच नाही, दोन-तीन दिवस हातावर द्यायचा, फिरायला गेल्यावर, शाबासकी म्हणून. तो ओळखीचा झाला की मगच मिसळायचा. मिसळताना दोन्ही दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून चमच्याने मोडायचे, म्हणजे निवडता येत नाहीत. आणि एक भीती लक्षात ठेवायची: काही कुत्री मिश्रणावर रुसतात आणि मग जुनंही टाकतात. तसं दिसलं तर दोन वाडगे ठेवायचे, एकात जुनं, शेजारी थोडं नवं, आणि जुन्याचं माप हळूहळू उतरवायचं.

एका वेळी एकच बदल करावा. जंताचं औषध, लस, प्रवास, घरात लग्न, दिवाळीचे फटाके, या आठवड्यांत खाणं बदलू नये. पोट बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. आणि मापही बदलतं, हे विसरू नये. एका खाण्यात १०० ग्रॅमला ३४० कॅलरी, दुसऱ्यात ४००. तीच वाटी भरून दिली तर कुत्रं सावकाश जाड होतं किंवा उपाशी राहतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा वाटीपेक्षा खरा.

८. शी बघायला लाजू नये. खाणं मानवलं का, याचं उत्तर वाडग्यात नसतं, सकाळच्या फेरीत असतं. घट्ट पण मऊ, आकार धरणारी, उचलल्यावर जमिनीला फारसा डाग न ठेवणारी, ती उत्तम. पशुवैद्यकांकडे १ ते ७ चा तक्ता असतो, त्यात दोन आकडा चांगला, सात म्हणजे पाणी. रक्त दिसलं, काळी डांबरासारखी झाली, किंवा उलट्याही आहेत, तर खाण्याचा प्रयोग तिथेच थांबवून दवाखाना.

९. रोजच्या जेवणात औषध लपवू नये. गोचिडतापाचं औषध चार आठवडे होतं आणि त्याने पोटात मळमळतं. डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं, खाण्याबरोबर द्या, पण तिच्या वाडग्यात मिसळू नका. जॉन गार्सिया या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं होतं की एखादी चव घेतल्यावर मळमळ झाली की ती चव प्राणी पुढे टाळतो, मळमळीचं खरं कारण दुसरंच असलं तरी. रोजच्या दाण्यांवर असा डाग एकदा पडला की तो पुसायला फार दिवस जातात. म्हणून ठकीची गोळी पनीरच्या गोळ्यात जाते, जे तिला एरवी कधी मिळत नाही. पुष्कळ ‘नखरेल’ कुत्र्यांच्या मागे अशी एखादी जुनी मळमळ असते, आणि ते कळलं की त्यांच्यावर रागावणं आपोआप थांबतं.

१०. जेवत नाही म्हणून काहीही देऊन चालत नाही, आणि हे मला सांगलीकर म्हणून ठासून सांगावंसं वाटतं. आमच्याकडे बेदाणे प्रत्येक घरात, प्रत्येक डब्यात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे धोका हे प्रत्येक कुत्र्यात वेगळं असतं. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं पशुवैद्यक गेल्या काही वर्षांत सांगू लागले आहेत. तेच आम्ल चिंचेतही असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची किडनी बिघडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे चिंच-गुळाची आमटी भातावर ओतून द्यायची नाही.

कांदा आणि लसूण कच्चे असोत, शिजवलेले असोत की वाळवून केलेली पूड, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आमच्या भागातला कांदा-लसूण मसाला पडलेला रस्सा कुत्र्याला अजिबात नको. गोचिडी पळतात म्हणून लसूण चारणारी प्रेमळ माणसं मी पाहिली आहेत, त्यांना हात जोडून सांगते, देऊ नका. चॉकलेट नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम किंवा शेंगदाण्याचं बटर तर मुळीच नको, तेवढ्याने रक्तातली साखर कोसळते. सणासुदीला तळलेलं आणि तुपकट दिल्याने स्वादुपिंडाला सूज येते. दुधाने अनेक मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात, त्यापेक्षा थोडं साधं दही बरं.

११. वाडगा पंधरा-वीस मिनिटं ठेवावा आणि न बोलता उचलावा. ठरलेल्या वेळी पुन्हा ठेवावा. निरोगी मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हे चालतं. पिल्लाला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला हा नियम लावू नये. या वीस मिनिटांत आपण समोर बसून ‘खा गं, खा ना’ करत राहिलो तर न खाणं हा लक्ष वेधायचा मार्ग होऊन बसतो. आई मात्र एकदा म्हणाल्या, “अगं, तू उठ तिथून. मी जप करत बसते, मला तिच्याकडे बघायचंही नाही.” आई माळ ओढत बसल्या आणि ठकी जेवली. तेव्हापासून सकाळच्या वाडग्याची वेळ आईंच्या जपाची.

१२. पावसाळ्यात दाणे सादळतात आणि त्यांतली चरबी खवट होते. आपल्याला कळण्याआधी ते कुत्र्याच्या नाकाला कळतं, आणि आपण म्हणतो, कालपर्यंत खात होती, आज काय झालं! पिशवी आहे तशी, तोंड घट्ट वळून, झाकणाच्या डब्यात ठेवावी. दाणे डब्यात ओतून पिशवी फेकू नये, बॅच क्रमांक आणि तारीख तिच्यावरच असते. उघडलेली पिशवी दीड महिन्याच्या आत संपेल एवढीच आणावी. मोठ्या पोत्यावर वाचलेले पैसे आमच्यासारख्या एका कुत्र्याच्या घरात वाचत नाहीत. बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरू नये, सगळी पिशवी टाकावी.

१३. म्हातारपणी पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. ठकीच्या या वर्षीच्या रक्ततपासणीत किडनीचे आकडे थोडे वर आले. डॉक्टरांनी किडनीसाठीचं खाणं सुचवलं, ज्यात फॉस्फरस कमी असतो आणि प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची. या खाण्याचा इतिहास मला फार आवडला. १९३९ च्या सुमारास मार्क मॉरिस या अमेरिकन पशुवैद्यकाने बडी नावाच्या, एका अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याच्या किडनीसाठी खास आहार बनवला, आणि आजारी कुत्र्यांसाठी आज जी वेगवेगळी खाणी मिळतात त्यांची सुरुवात तिथून झाली.

किडनीच्या आजारात मळमळ असते आणि वासही पूर्वीसारखा येत नाही, म्हणजे नखरेल कुत्रं अधिकच अवघड होतं. म्हणून आधी मळमळीचं औषध, ती थांबली की मगच नवं खाणं, नाहीतर हेच खाणं तिच्या मनातून कायमचं उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. घरच्या जेवणाचं मापही त्यांनी नव्याने लिहून दिलं. भात वाढला, चिकन कमी झालं, भुकटी बदलली. दाण्यांची अदलाबदल या वेळी महिनाभर चालणार आहे. वही आहे, वजनकाटा आहे, भिजवायला कोमट पाणी आहे. सध्या आम्ही निम्म्या-निम्म्यावर आहोत. काल तिने तीन दाणे फरशीवर काढून ठेवले, बाकीचं खाल्लं. सोमवारी शी चांगली असेल तर पाऊण करून बघू.